अकरा मिनिटं पुढची शाळा

सोमवार, ५ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तू तो घेतलास असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, आणि मेल म्हणजे दार नसलेलं न्हाणीघर हे तुझंच मत, म्हणून हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर माझा दोष नाही. दीड वर्षात मी सह्यांपलीकडे काही लिहिलेलं नाही. उपमुख्याध्यापकाला तेवढंच काम असतं.

मुद्द्यावर येतो. आपल्या शाळेच्या सर्व्हरवर हल्ला झाला. ‘हल्ला’ हा शब्द हेडसरांचा. ढगवाले ‘अटेम्प्ट’ म्हणतात. ढगवाले म्हणजे तुझ्या जागी आलेले कंत्राटी तंत्रज्ञ. काहीही विचारलं की “ते सगळं क्लाउडवर आहे” म्हणतात आणि छताकडे बोट दाखवतात, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. त्या छताला आता ओल आली आहे, त्यामुळे कुणाचा फारसा विश्वास उरलेला नाही.

झालं असं, की शुक्रवारी चौथा तास संपल्याची घंटा झालीच नाही. घंटा सर्व्हरवरून वाजते, हे तुला मी काय सांगणार, तूच बसवलीस. पण घंटा झाली नाही तर काय करायचं हे कुणाला शिकवून गेली नाहीस. गणिताच्या बाई शिकवत राहिल्या. मुलं आधी चुळबुळली, मग घाबरली, मग मागच्या बाकांवर डबे उघडले. तिकडे पी.टी.चे सर सातवी ‘ब’ला मैदानाभोवती पळवत होते, तेही घंटेचीच वाट बघत. सातवी ‘ब’ अजून जिना बसत बसत उतरते. ज्यांच्या मनगटावर घड्याळ होतं त्यांनी ते पाहिलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. शेवटी शिपाईमामा हेडसरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “साहेब, मला भूक लागलीय, म्हणजे मधली सुट्टी होऊन गेली असणार.”

मग ढगवाल्यांना उठवलं. त्यांनी शोधून काढलं की नववीतल्या तिघांनी कॉम्प्युटर लॅबमधून सर्व्हरमध्ये शिरायचा प्रयत्न केला, एकामागून एक चुकीची उत्तरं दिली, आणि सर्व्हरने वैतागून तासभर स्वतःला कोंडून घेतलं. तासाने आपला आपण सुरू झाला. पण हेडसर सुरू झाले ते थांबायला तयार नाहीत. त्यांच्या मते मुलांना वार्षिक परीक्षेचे पेपर फोडायचे होते, नाहीतर गुण वाढवायचे होते, नाहीतर दोन्ही. चौकशी समिती नेमली. प्रमुख कोण, हे तू ओळखलंसच. दोष सिद्ध झाला तर तिघांच्या हातात शाळा सोडल्याचे दाखले.

आता तुझ्याकडे काम. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड पाहिजे. मुलांनी आत काय केलं, काही केलं की नाही, हे त्याशिवाय कळत नाही म्हणे. तू जाताना तो द्यायला गेली होतीस, हेडसर म्हणाले होते “समारंभ होऊन जाऊ दे”, आणि समारंभानंतर तू राहिली नाहीस.

त्या समारंभाबद्दल तुझा माझ्यावर राग आहे हे मला माहीत आहे. पण निरोपाचं भाषण चांगलं होतं, यावर मी ठाम आहे. ‘स्वेच्छेने’ हा शब्द हेडसरांनी घालायला लावला, बाकी सगळं माझं होतं. टाळ्या आठव. आणि भाषण करून मी घरी निघून गेलो नाही. तुझं खोकं गेटपर्यंत मी उचललं, गाडी येईपर्यंत तुझ्याशेजारी उभा राहिलो. एवढं कोण करतं?

असो. रोज सकाळी अंगठ्याच्या मशीनवर हजेरी लावली की तुझ्या आवाजात ‘धन्यवाद’ ऐकू येतं. तूच रेकॉर्ड केलेलं. दीड वर्षात तू माझ्याशी बोललेला हा एकमेव शब्द. मीही दोनदा ‘असू दे’ म्हणालो. मागे रांग होती.

पासवर्ड लवकर पाठव.

तुझा भाऊ

ता.क. त्या तिघांतली एक ठकी आहे. होय, आपलीच ठकी, माझी मुलगी. तुझ्या मांडीवर बसून माउस धरायला शिकलेली. मी हेडसरांना म्हटलं, मला चौकशीतून वगळा. ते म्हणाले, “उलट बरं. घरातल्या घरात मिटेल.”


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘प्रश्न वाच.’ एवढंच. पत्त्यासाठी तू जास्त शाई वापरली आहेस.

कुठला प्रश्न, म्हणून ढगवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, “तोच ना सर, ज्याला मुलं उत्तरं देत होती.” मला वाटलं होतं मुलं पासवर्ड फोडत होती. त्यांनी पडदा उघडून दाखवला. ‘पासवर्ड विसरलात?’ आणि खाली, स्वच्छ मराठीत:

माझ्या भावाला काय जमत नाही?

ताई, शाळेचा सर्व्हर आहे तो. दीड हजार मुलांची हजेरी त्यात आहे, आणि दाराला कुलूप म्हणून तू मला लटकावलंयस?

मुलांनी दिलेली उत्तरं ढगवाल्यांनी छापून चौकशीच्या कागदांना जोडली. समितीतल्या प्रत्येकाला एक प्रत. पोहणं. शिट्टी वाजवणं. खिळा ठोकणं. गाडी मागे घेणं. थोडक्यात सांगणं. सॉरी म्हणणं. गप्प बसणं. मग पुन्हा एकदा गप्प बसणं, कुणाला तरी इतकी खात्री होती. समितीने हे सगळं गंभीर चेहऱ्याने वाचलं. चित्रकलेचे सर नंतर माझ्या खुर्चीजवळ येऊन हळूच म्हणाले, “खिळ्याचं मी शिकवीन सर, त्यात लाजण्यासारखं काही नाही.”

काल तिघांची चौकशी केली. पहिली चष्मिस. ही ठकीची मैत्रीण. चष्मा काढला तर तिला समोरचा माणूस दिसत नाही, आणि ती चष्मा काढूनच बसली.

“सर्व्हरमध्ये कशासाठी शिरत होतात?”

“घड्याळासाठी, सर.”

“कोणाचं घड्याळ?”

“शाळेचं. ते मागे घ्यायचं होतं.”

हेडसर टेबलावर पुढे झुकले. “हा यांच्यातला सांकेतिक शब्द असणार. ढगवाले, तुमच्या भाषेत घड्याळ म्हणजे काय?”

“असू शकतं सर,” ढगवाले म्हणाले.

“काय असू शकतं?”

“तुम्ही म्हणता ते.”

मग लंबू. हा तिसरा. नववीत आहे पण त्याच्याशी बोलताना पंख्याशी बोलल्यासारखं वाटतं. शहराच्या कडेच्या वस्तीतून बस बदलून येतो. तो फक्त म्हणाला, “माझ्यामुळे झालं, सर. त्या दोघींना सोडा.” पुढे काही विचारलं की बुटांकडे बघायचा, आणि त्याचे बूट त्याच्यापासून खूप लांब आहेत.

ठकीला मी प्रश्न विचारायचे की नाही यावर समितीत अर्धा तास गेला. शेवटी मी विचारायचे आणि तिने उत्तरं हेडसरांकडे बघून द्यायची असं ठरलं. तिने उत्तर दिलं, “घरी सांगीन.” हेडसरांनी ते लिहून घेतलं.

मला खरंच काही कळत नाहीये. पेपर फोडायचे असते तर पोरं घाबरली असती. ही घाबरलेली नाहीत, ही रागावलेली आहेत. आणि घड्याळ मागे घ्यायचं म्हणजे काय? घड्याळाला झालंय काय?

तू तरी सांग. आणि या वेळी एका वाक्याहून जास्त लिही.

तुझा भाऊ


बुधवार, १४ फेब्रुवारी

ताई,

पोस्टकार्डसुद्धा नाही. ठीक आहे.

घड्याळाला काय झालंय ते मला कळलं. कसं कळलं ते लिहितो, म्हणजे तुला हसता येईल.

रविवारी सकाळी ठकी समोर येऊन बसली. ओट्याशी तिची आई चहा गाळत होती.

“बाबा, आत्ता किती वाजले?”

“घरचे की शाळेचे?” मी म्हणालो.

ही गाळणी हातात धरून उभी. मग ठकी म्हणाली, “हेच.”

ताई, मी शपथेवर सांगतो, यात काही विचित्र आहे हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळेचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ते पुढे पळतंय हे पहिल्यांदा तूच सांगितलंस, एक दुपार सर्व्हर बंद ठेवू द्या म्हणालीस, नीट करते म्हणालीस. हेडसर म्हणाले, तपासणी तोंडावर आहे, बंद नाही ठेवता येणार. आणि त्यांनी परिपत्रक काढलं: ‘शाळेच्या यंत्रातील वेळ हीच शाळेची वेळ समजावी.’ तू राजीनामा दिलास. आम्ही घड्याळं पुढे केली. त्यात कुणाला काही त्रास वाटला नाही. एक घड्याळ शाळेचं, एक जगाचं. संगीताच्या बाई दोन मनगटांवर दोन लावतात, छान दिसतं. दुरुस्तीला कुणी आलंच तर आम्ही विचारू, बिघडलंय कुठे? परिपत्रक आहे.

“लंबूची बस वेळेवर येते,” ठकी म्हणाली. “तिच्या आधी त्या बाजूने बसच नाही. जगाच्या घड्याळाने तो पाच मिनिटं आधी गेटवर असतो, बाबा. पण मशीन म्हणतं उशीर. तीन उशिरांचा एक खाडा. आता त्याची हजेरी कमी भरतेय, वार्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत. तो पुन्हा नववीत. तो उशिरा येत नाही. शाळा लवकर येते.”

“मग अर्ज करायचा.”

“केला होता.”

“कुणाकडे?”

“तुझ्याकडे.”

मला आठवत नाही. पण असणार. मी त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ लिहून वर पाठवला असेन, हेडसरांनी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ लिहून खाली पाठवला असेल. हेडसर लंबूला सूट देऊ शकतात. पण सूट द्यायची म्हणजे यंत्र चुकतं असं म्हणायचं, आणि मग परिपत्रकाचं काय करायचं?

“म्हणून तुम्ही सर्व्हर फोडायला निघालात?”

“आत्याला विचारलं आधी.”

इथे माझा चहा सांडला. ताई, तू माझा फोन उचलत नाहीस आणि माझ्या मुलीशी दर आठवड्याला बोलतेस! हिलाही माहीत होतं. घरात एकट्या मलाच माहीत नव्हतं, आणि चौकशी समितीचा प्रमुख मी.

“काय म्हणाली आत्या?”

“म्हणाली, घड्याळ नीट केलं की मागच्या सगळ्या नोंदीही आपोआप सरकतात, लंबूची हजेरी भरेल. पण मुलांनी आत शिरायचं नाही. मोठ्यांना सांगायचं.”

“मग?”

“मोठ्यांना सांगितलं.” ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. “मग शिरलो.”

“आणि उत्तर? ते नाही सांगितलं तिने?”

“नाही. म्हणाली, ते तुझ्या बाबाचं आहे, मी परस्पर द्यायचं नाही.”

आता माझी पंचाईत बघ. पोरांनी परवानगी नसताना बंद दार ढकललं. उद्या दुसरं कुणी गुणपत्रिका ‘दुरुस्त’ करायला जाईल, हे हेडसरांचं म्हणणं मला पटतं. ठकीचंही पटतं. संध्याकाळी ही म्हणाली, “चूक केली हे खरं, पण तुमची चूक दुरुस्त करायला गेली,” तेही पटलं. जो शेवटचं बोलतो त्याचं मला पटतं, असं तू लहानपणापासून म्हणायचीस. तेव्हाही मला ते पटलं होतं.

सोमवारी हेडसरांनी निर्णयाचा मसुदा माझ्यापुढे सरकवला. तिघांनाही दाखले. खाली माझ्या सहीची जागा. “तुमची सही महत्त्वाची,” ते म्हणाले. “स्वतःच्या मुलीला तुम्हीच काढलंत म्हटल्यावर शाळेकडे कोण बोट दाखवणार?” मी म्हणालो, “विचार करतो.” त्यांनी समाधानाने पेनाचं टोपण लावलं. माझा ‘विचार करतो’ म्हणजे होकार, हे शाळेत सगळ्यांना पाठ आहे.

शुक्रवारी चार वाजता बैठक. ट्रस्टीबाई स्वतः येणार आहेत. शाळेचे चार.

तुझा भाऊ


शुक्रवार, १६ फेब्रुवारी

ताई,

बैठक झाली. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

ट्रस्टीबाई त्यांच्या घड्याळाप्रमाणे चारला पाच कमी असताना आल्या. आम्ही केव्हाच सुरू केलं होतं. दारातल्या मशीनवर त्यांनी अंगठा टेकवला आणि तू खणखणीत आवाजात म्हणालीस, “आपल्याला उशीर झाला आहे.”

“कोण बोललं?” ट्रस्टीबाई म्हणाल्या.

“आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या बाई,” शिपाईमामा म्हणाले.

“त्या सोडून गेल्या ना?”

“त्या गेल्या. आवाज राहिलाय.”

ट्रस्टीबाईंना आयुष्यात कुणी उशीर झाला असं म्हटलेलं नसावं. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, “माझं घड्याळ बरोबर आहे.”

“बरोबरच आहे मॅडम,” हेडसर म्हणाले. “पण शाळेचं तसं नाही. म्हणजे शाळेचंही बरोबर आहे, फक्त ते वेगळं बरोबर आहे.” आणि परिपत्रक पुढे केलं. ट्रस्टीबाईंनी ते दोनदा वाचलं. खालची मंजुरीची सही त्यांच्याच पुतण्याची निघाली, मागच्या ट्रस्टींची. बसल्या.

“आणि ही मुलं काय करत होती?”

“दुरुस्ती,” गणिताच्या बाई म्हणाल्या. चौकशीभर त्या काही बोलल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, त्यांना अजून घंटेची वाट आहे.

“अनधिकृत दुरुस्ती!” हेडसर ओरडले. “आज घड्याळ, उद्या गुण, परवा माझी खुर्ची!” ते वाईट नाहीत गं. घाबरले होते. त्यांना वाटतं, एक गोष्ट चुकीची निघाली की रांगेने सगळ्या निघतील. आणि तसं होईलही.

मग त्यांनी मसुदा माझ्यापुढे सरकवला. पेन उघडून दिलं.

“नाही,” मी म्हणालो.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी नवीन आलं की काय म्हणून. मीही पाहिलं.

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे सही करत नाही.”

“विचार करतो म्हणाला होतात!”

“केला.”

ताई, अशी शांतता मी माझ्या कुठल्याही भाषणानंतर ऐकलेली नाही.

तर दाखले नाहीत. पोरांना शिक्षा मात्र मीच सुचवली, तीही खरी. दार बंद असताना ढकलायचं नसतं, हे त्यांना कळायला हवं. सत्र संपेपर्यंत तिघांनी लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही, आणि मधल्या सुट्टीची घंटा पितळी टोल वाजवून हाताने द्यायची. कुठल्या घड्याळाप्रमाणे, यावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि तो विषय पुढच्या बैठकीत ठेवला.

पण लंबूचं जमलं नाही. ट्रस्टीबाई म्हणाल्या, “काढायचं नाही, ठीक आहे. पण परीक्षेला बसायचं तर यंत्रात हजेरी भरलेली दिसली पाहिजे. तोंडी मी काही मानत नाही. यंत्र उघडा, दुरुस्त करा, दाखवा. तोवर त्याने येऊन उपयोग काय?” परीक्षा सव्वीसला सुरू होते. हेडसरांनी लंबूला आत बोलावून तसं सांगितलं. त्याने मान हलवली, दप्तर उचललं, दारात वाकला आणि गेला.

मी मात्र हवेत होतो. तुझा प्रश्न मला सुटला होता! काय जमत नाही माझ्या भावाला? उभं आयुष्य मी कुणाला नाही म्हणालो नव्हतो. हेडसरांना नाही, ‘स्वेच्छेने’ या शब्दाला नाही. ढगवाल्यांना हाताला धरून सर्व्हरच्या खोलीत नेलं. त्यांनी बजावलं, “सर, दोन संधी उरल्यात. दोन्ही चुकल्या तर सर्व्हर कायमचा बंद. सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल. मुलांची वर्षभराची हजेरी जाईल.”

“मग कुणाचीच हजेरी भरणार नाही?”

“कुणाचीच नाही. म्हणजे परीक्षेला कुणीच बसणार नाही.” त्यांनी छताकडे पाहिलं. “एका अर्थाने न्याय.”

मी टाइप केलं: नाही म्हणणं.

चूक.

‘नाही म्हणणे’ असं लिहायला हवं होतं का, म्हणून विचारलं. ढगवाले म्हणाले, बाईंनी तसं काही अडवलेलं नाही, अर्थ जुळला की उघडतं. म्हणजे अर्थच चुकला.

आता एकच संधी उरली. आणि मला कळत नाहीये, ताई. आज भर बैठकीत मी नाही म्हणालो, सगळ्यांनी ऐकलं, शिपाईमामांनी नंतर पाठीवर हात ठेवला. हे नव्हतं, तर मग काय? नसेल जमत मला काहीतरी, पण काय ते तू सरळ का सांगत नाहीस? एका पोराचं वर्ष जायची वेळ आलीय आणि तू कोडी घालतेस.

तुझा भाऊ


शनिवार, १७ फेब्रुवारी

ताई,

कालचं पत्र आणि हे तुला एकाच वेळी मिळेल. कालचं आधी वाच.

काल एक गोष्ट लिहिली नाही, कारण तिचं महत्त्व मला कळलं नव्हतं. बैठकीनंतर मी सर्व्हरच्या खोलीतून खाली आलो, तेव्हा लंबू गेटवर उभा होता. दप्तर पाठीला. त्याची बस आली, समोर थांबली, दोन माणसं चढली. तो तिथेच.

“अरे, बस आली ना?” मी पायरीवरून म्हणालो.

“हो सर,” तो म्हणाला. आणि हलला नाही.

मला त्याचा रागच आला. पुढची बस उशिरा आहे, आई वाट बघेल, नसते घोळ. इतक्यात वरच्या खिडकीतून ठकी ओरडली, “लंब्या, थांब! जाऊ नकोस!”

तो असा झर्रकन वळला, ताई, की तेवढ्यासाठीच उभा होता. बस गेली. मग तिघं पायरीवर बसून चष्मिसच्या डब्यातली बिस्किटं खात राहिली. सर्व्हरचं काही झालेलं नव्हतं, परीक्षेचं काही झालेलं नव्हतं. पण पोरगं हसत होतं.

मी घरी गेलो आणि तुला ते चिडकं पत्र लिहिलं.

आज सकाळी अंगठा लावला. तू ‘धन्यवाद’ म्हणालीस. आणि मी रांग अडवून तिथेच उभा राहिलो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, की गाडी येईपर्यंत मी तुझ्याशेजारी उभा राहिलो. गेलं दीड वर्ष मी सगळ्यांना तसंच सांगतो. ते खरं नाही. गाडी आधीच आलेली होती. खोकं मी स्वतः आत ठेवलं. ड्रायव्हरने दार उघडून धरलं होतं, एकदा हॉर्नही वाजवला. तू तरी उभी होतीस. सर्व्हरच्या खोलीची किल्ली हातात घेऊन, माझ्याकडे बघत.

आणि मी म्हणालो, “सावकाश जा हं.”

अर्धा तास भाषण केलेला माणूस. तेव्हा एक शब्द पुरला असता, आणि मला वाटत राहिलं की तू भाषणावर रागावली आहेस. भाषण चांगलंच होतं, ते मी मागे घेणार नाही. पण त्यात ठकीने खिडकीतून ओरडलेला तो शब्द नव्हता.

तेव्हा उत्तर मला मिळालंय, असं वाटतं. ढगवाले सकाळपासून मागे लागलेत, टाइप करू या म्हणून. मी केलं नाही. चुकलं तर लंबूबरोबर सगळ्यांचंच वर्ष जाईल, हे एक. आणि बरोबर निघालं तर ते तुझ्याआधी यंत्राला कळेल. त्याच्याशी माझी तेवढी ओळख नाही. म्हणून उरलेली संधी मी तिथे वापरत नाही, इथे वापरतो.

ताई, ये.

सर्व्हर एक दुपार बंद राहील, हेडसरांना मी सांगितलंय. विचारलेलं नाही, सांगितलंय. लंबूला सोमवारपासून यायला सांगितलंय, तो माझ्याशेजारी बसेल. ठकीने तुझी जुनी खुर्ची शोधून पुसून ठेवली आहे. लॅबमध्ये पाऊल टाकायला तिला बंदी आहे, म्हणून दारातूनच आत ढकलली.

तू कुठल्या दिवशी येतेस ते कळव. एका ओळीचं पोस्टकार्ड चालेल. मी गेटवर असेन. कुठल्या घड्याळाप्रमाणे, ते अजून ठरलेलं नाही, त्यामुळे अकरा मिनिटं आधीपासूनच असेन.

तुझा भाऊ